शेवटचा तांब्या

"अम्मा, ये लकीरां मिटाना नक्को. साबुन नक्को, तेल नक्को, पानी तो बिलकुल नक्को. समझे क्या?"

मशीनवाल्या भाईनं काडीला गुंडाळलेला कापूस जांभळ्या शाईत बुडवला आणि दगडाबाईच्या छातीवर चौथी रेघ ओढली. महिन्याभरापूर्वी तिथला उजवा स्तन कापून काढला होता. आता त्या जागी जांभळा चौकोन तयार झाला. दगडाबाई छताकडे बघत निजून होती. भाईची बोली तिला नवी नव्हती, निजामाच्या राज्यात जन्मलेली बाई ती. पण तो सांगत होता ते काही तिच्या डोक्यात शिरेना.

"किती दिवस?"

"पांच हफ्ते. कमर के नीचे धो लो. ऊपर सूखा रखना."

"केशर," तिनं भिंतीशी उभ्या असलेल्या पोरीला हाक मारली, "ह्याला सांग गं, मी कोन हाय ते."

"सांगते. आधी हात वर धरा, शाई वाळू द्या," केशर म्हणाली.

हैदराबादच्या त्या दवाखान्यात दगडाबाई कोण हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण जिंतुरात जाऊन विचारा. तीस वर्षं तिनं त्या गावातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या लेकरांना न्हाऊ घातलं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, हिचं उलटं होतं. नाव दगडाबाई आणि हात लोण्याचे. पाय पसरून बसायची, नडग्यांवर लेकरू पालथं घालायची, आणि आईच्या कुशीत आकांत करणारं कार्टं तिच्या पायावर गुमान पडून राहायचं. गावातल्या मोठ्या घरांत तिला दहा दिवस चालवून घेत. अकराव्या दिवशी घरचा सुवेर फिटला की हिचा विटाळ सुरू व्हायचा. दगडाबाई म्हणायची, "बरंच हाय की, दहा दिसांतच सुटका." बौद्धवाड्यात मात्र सव्वा महिना तिचंच राज्य.

तिची एक रीत होती. घंगाळातलं शेवटचं तांब्याभर पाणी ती राखून ठेवायची. तेल झालं, डाळीचं पीठ झालं, कढत पाण्यानं कंबर शेकून झाली, की तो तांब्या बाळंतिणीच्या मानेपासून पाठीच्या कण्यावरून सावकाश सोडायची आणि म्हणायची, "झालं. ऊठ माय." देशमुखाची सून असो की रोजानं जाणारी बाई असो, तो शब्द कानावर पडेपर्यंत कुणी जागचं हलत नसे.

याच रीतीनं पुढं तिचा घात केला.

छप्पन सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शेजारच्या सूर्यभानची बायको कुसुम पहिल्यांदा बाळंत झाली. मुलगी झाली, तीच ही केशर. विसाव्या दिवशी न्हाताना कुसुम म्हणाली, "अक्का, हितं दुखायलंय." दगडाबाईनं हात लावला. काखेजवळ चिंचोक्याएवढी गाठ होती.

"दूध गोठलंय. सोस जरा," ती म्हणाली, आणि कोमट तेल घेऊन अंगठ्यानं गाठ चोळायला लागली. रोज चोळली. वरून एरंडाचं पान शेकून बांधलं. "त्याच बाजूला पाज पोरीला, पाजल्यानं मोकळी व्हती," असंही सांगितलं. सव्वा महिना सरला. गाठ काही मोकळी झाली नाही, उलट बोराएवढी झाली.

सूर्यभान म्हणाला, "अक्का, परभणीला डागदरला दाखवून आणतो."

दगडाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाईच्या छातीला गडीमानूस हात लावनार आन् तू बघत बसनार? माझ्या हाताखालून शंभर बायका गेल्या. दुधाचीच गाठ हाय ती." सूर्यभान मऊ माणूस. दगडाबाईपुढं गावातल्या सासवा बोलत नसत, तो काय बोलणार? परभणीला जाणं राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात कुसुम गेली. जाताना गाठ फुटून जखम झाली होती, घरात बसवत नव्हतं इतका वास यायचा. मयताला न्हाऊ घालायलाही दगडाबाईलाच बोलावलं. अंगणात लुगड्याचा आडोसा केला होता, दोघी जणींनी कुसुमला धरून बसवलं होतं. दगडाबाई पाणी घालत होती आणि डोळ्यांना धार लागली होती. हात आपले सवयीनं चालले होते. त्या हातांनी शेवटचा तांब्या राखला, मानेपासून कण्यावरून सावकाश सोडला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "झालं. ऊठ माय."

शेजारच्या बायनाबाईनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि म्हणाली, "दुःखानं बोलली बिचारी." सगळ्यांना ते पटलं. दगडाबाईला मात्र कळून चुकलं की आपण मेलेल्या माणसाला ऊठ म्हटलं, आणि ती उठली.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आदल्याच वर्षी अख्ख्या वस्तीनं दीक्षा घेतली होती. देव गेले, सटवाई गेली, पाचवी पुजणं गेलं, भूतखेत तर सगळ्यात आधी गेलं. दगडाबाईनंही मनापासून सोडलं होतं सगळं. कुसुम तेवढी तिला सोडेना. कुणाच्याही न्हाणीत वाफ दाटली की ती कोपऱ्यात पाठमोरी बसलेली दिसायची. ओले केस पाठीवर मोकळे. तोंड कधी दाखवलं नाही तिनं. तेवढंच म्हणायची, "अक्का, दुखायलंय." त्या दिवसापासून शेवटचा तांब्या टाकल्यावर ती फक्त "झालं" म्हणायला लागली. "ऊठ" हा शब्द तिनं टाकला. बायका आपापल्या उठायच्या.

सूर्यभान येलदरीच्या धरणाच्या कामावर गेला आणि तिथंच वीजघरात चिकटला. पोर दगडाबाईपाशी राहिली. दगडाबाईचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत वारला होता, पोटी काही नव्हतं. तिनं केशरला वाढवलं, शाळेत घातलं, परभणीला ठेवून मास्तरीण केलं. लोक म्हणायचे, पोटच्या पोरीला कुणी एवढं करत नाही. माया होतीच, खोटी नव्हती. पण त्या मायेखाली काय पुरलंय ते एकट्या दगडाबाईला ठाऊक होतं, आणि केशरनं गळ्यात हात टाकले की तिला ते आतून टोचायचं.

आणि मग गेल्या दिवाळीत एका लेकराला न्हाऊ घालताना त्याची टाच तिच्या छातीवर बसली आणि कळ आली. तिथंच बसल्या बसल्या ओल्या हातानं तिनं चाचपून बघितलं. ओळखायला एक क्षणही लागला नाही. मनात म्हणाली, आली. मला न्यायला आली.

चार महिने तिनं तोंडाला कुलूप घातलं. शेवटी केशरच्याच ध्यानात आलं.

"मावशी, तुमी तांब्या डाव्या हातानं का उचलायलाव?"

"असंच."

"दाखवा."

"काय दाखवू? म्हातारीचं काय बघायचं?"

"मी तुमाला इचारलं न्हाई, सांगितलंय," केशर म्हणाली. पहिली ते चौथी एका खोलीत शिकवणारी पोर ती. तिच्यापुढं नाही म्हणायची सोय नव्हती. परभणीच्या डॉक्टरीणबाईनं गाठीला बोट लावलं आणि हैदराबादची चिठ्ठी लिहून दिली.

ऑपरेशनला सूर्यभान घेऊन गेला. केशरची शाळा चालू होती, म्हणून त्यानं वीजघरातून रजा काढली आणि पंधरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिला. परत आणून सोडलं तर दारात बायनाबाई गाठोडं घेऊन उभी. वस्तीतल्या बायकांनी जुन्या लुगड्यांचे धुऊन मऊ केलेले तुकडे जमवले होते. दगडाबाई दर बाळंतपणात प्रत्येक घराला बजावायची, लेकराच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, घरातलं सगळ्यात जुनं लुगडं काढा. तीच शिकवण तिच्याकडं परत आली होती. बायनाबाई म्हणाली, "ह्याची बाळुती तुमच्याच हातानं फाडलेली हायत. घ्या, जखमंला टोचायचं न्हाई." दगडाबाईनं ते गाठोडं तोंडाशी धरलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.

मे महिन्यात शाळेला सुट्ट्या लागल्या आणि मशीनच्या शेकासाठी केशर तिला घेऊन निघाली. परभणीच्या स्टेशनावर सूर्यभान येलदरीचे तळलेले मासे डब्यात घेऊन आला होता. गाडी हलली तसा खिडकीशी चालत म्हणाला, "अक्का, ह्या बारीला डागदर सांगंल तसंच करा बरं." त्याच्या मनात काही नव्हतं, तो साधाच बोलला. दगडाबाईला मात्र "ह्या बारीला" हे शब्द हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनापर्यंत पुरले.

तर असा तो जांभळा चौकोन छातीवर घेऊन दगडाबाई दवाखान्याच्या आवारातल्या धर्मशाळेत राहायला लागली. वर पत्र्याचं छप्पर आणि वैशाखाचं ऊन. अंगाची नुसती लाही व्हायची. केशर ओल्या फडक्यानं तिची पाठ पुसायची, पुठ्ठ्यानं वारा घालायची. जन्मभर पाण्यात हात असलेल्या बाईला आवारातल्या नळाचा आवाज ऐकवेना. "गावाला न्हाऊ घातलं आन् मलाच पानी बंद," ती म्हणायची. केशर हसायची. "मोठ्या घरी अकराव्या दिवशी बंद करायचे, हितं पहिल्याच दिवशी," असं म्हणून दगडाबाईही हसायची.

पण चार वाजत आले की तिचं हसू आटायचं. चारला मशीनची पाळी. भाई तिला टेबलावर निजवायचा, वरचं धूड चौकोनावर आणायचा, "हिलना नक्को" म्हणायचा आणि बाहेर जायचा. केशरही बाहेर. भिंतीएवढं जाड दार बंद व्हायचं. मग त्या गार खोलीत एकटी दगडाबाई आणि मशीनची घरघर. बाकी बायका म्हणायच्या, दोन-तीन मिनिटांचं काम, काही कळतसुद्धा नाही. दगडाबाईला सगळं कळायचं. दार लागलं की खोलीत कोमट तेलाचा आणि शेकलेल्या एरंडाच्या पानाचा वास यायचा. वाफ नाही, पाणी नाही, तरी कुसुम यायची. पायथ्याशी पाठमोरी बसायची. केसांतून पाणी टपकायचं.

"अक्का, दुखायलंय."

दगडाबाईला हलायची मुभा नव्हती. तोंड वळवता येत नव्हतं की डोळ्यांवर पदर घेता येत नव्हता. जिंतुरात असताना ती न्हाणीतून बाहेर निघून जाऊ शकायची, इथं तेवढीही वाट नव्हती. दार उघडायचं तेव्हा तिच्या कानशिलावरून पाणी ओघळलेलं असायचं आणि भाई म्हणायचा, "अम्मा, दर्द होता क्या?" ती मान हलवायची.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बाहेरच्या बाकांवर बायका पाळीची वाट बघत बसल्या होत्या. एक नर्सबाई त्यांच्यात येऊन उभी राहिली. नव्या आलेल्या एका बाईनं गाठीला मालीश करून आणल्याचं सांगितलं होतं, त्यावरून ती सगळ्यांना बजावत होती. "गांठ कू मलना नै. मलने से फैलती. घर जा के सब औरतां कू बोलो."

शेजारच्या नांदेडच्या बाईनं दगडाबाईला विचारलं, "काय म्हणायल्यात?"

"चोळू नका म्हणायल्यात," दगडाबाई म्हणाली. "चोळल्यानं पसरती."

हे मराठीत तिला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं. आपण अडाणीपणानं कुसुमला डॉक्टरकडं जाऊ दिलं नाही, एवढं तिला एकवीस वर्षं ठाऊक होतं. पण आपल्या अंगठ्यांनीच ती गाठ रोज वाढवली असेल, हे आज कळलं. गावभर नाव झालेले ते हात. तिला त्यांची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी केशर जेवणाचा डबा आणायला गेली. धर्मशाळेत सगळ्यांचे डोळे लागले होते. दगडाबाई उठली, मागच्या नळाखाली जाऊन बसली, चोळी काढली आणि पहिला तांब्या खांद्यावर ओतला. पाणी लागताच तिच्या सगळ्या अंगावर काटा आला, इतकं बरं वाटलं. मग तिनं उजव्या हाताचा अंगठा रेघेवर ठेवला आणि चोळायला लागली. कातडी भाजून काळी पडली होती, आग होत होती. होऊ दे म्हणाली. कुसुमलाही होत होती. जांभळं पाणी मोरीतून वाहायला लागलं.

"मावशी."

केशर डबा घेऊन दारात उभी होती. तिनं धावत येऊन हात धरला तोवर चौकोनाचा एकच कोपरा उरला होता.

"काय केलं हे? का धुतलं?"

"मला बरं व्हायचं न्हाई."

"असं कसं म्हणायलाव? कशासाठी आलोत आपण हितं?"

"तुझ्या मायीला म्या मारलं, केशर."

आणि मग दगडाबाईनं सगळं सांगितलं. गाठ कशी चोळली ते, एरंडाचं पान, त्याच बाजूला पाज म्हटलेलं, सूर्यभानला परभणीला जाऊ दिलं नाही तो शब्द न् शब्द. मयताला ऊठ म्हटलं तेही सांगितलं, आणि ती अजून येते, रोज चार वाजता त्या खोलीत येते, हेही. नळाखाली उघड्या अंगानं बसून बोलत होती.

"बापूला ठाव हाय?" शेवटी केशरनं विचारलं.

"म्या अडवलं ते ठाव हाय. चोळलेलं ठाव न्हाई."

केशरनं एक मऊ फडकं तिच्या अंगावर टाकलं. डबा खाली ठेवला. आणि पाठ फिरवून आवाराच्या फाटकाबाहेर निघून गेली.

दगडाबाई खाटेवर येऊन बसली. मरणाचं भय तिला तेव्हा वाटलं नाही. केशर परत आली नाही तर, एवढंच भय होतं, आणि ते इतकं मोठं होतं की त्यात बाकी सगळं बुडालं. जेवणाचा डबा तसाच राहिला. तिला वाटलं, पोरगी काचीगुड्याला गेली असेल. गाडीत बसली असेल. बसूही दे. जिनं आईला मारलं तिला वारा घालत कोण बसेल? असं म्हणायची आणि फाटकाकडं बघायची.

साडेतीनला केशर आली. डोळे सुजलेले होते, चपला धुळीनं भरल्या होत्या.

"चला," ती म्हणाली. मावशी म्हणाली नाही.

मशीनवाल्या भाईनं छाती बघितली आणि त्याचा पारा चढला. "लकीरां किधर गए? किसने धोया?"

दगडाबाई बोलायला गेली, पण केशर तिच्या पुढं झाली.

"मैंने धोया."

"दिमाग है के नै? पहले दिन क्या बोला था मैं?"

"गर्मी थी. मेरे कू लगा, थोडा पानी चलता."

"पढ़ी-लिखी दिखती. टीचर है बोली थी ना तू? बच्चां कू क्या सिखाती फिर?"

बाहेरच्या बाकांवरच्या बायका माना उंचावून बघत होत्या. ज्या पोरीपुढं चाळीस लेकरं चिडीचूप बसायची, ती मान खाली घालून ऐकत होती. भाईनं डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही दोन शब्द सुनावले. पुन्हा मोजमाप झालं, पुन्हा रेघा आखल्या गेल्या, दोन दिवस त्यात वाया गेले. केशरनं खरं काय ते एकदाही सांगितलं नाही. दगडाबाईला वाटलं, हिनं मला दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी पुन्हा दार बंद झालं, मशीन घरघरायला लागली. तेलाचा वास आला. कुसुम आली, पायथ्याशी पाठमोरी बसली. त्या दिवशी ती काही बोलली नाही. नुसती बसून राहिली, आणि दगडाबाईला ते बोलण्याहून जड गेलं.

उरलेले दिवस केशरनं कशात म्हणून कसूर केली नाही. डबा वेळेवर, वारा वेळेवर. कातडी सोलली तेव्हा बायनाबाईच्या गाठोड्यातला सगळ्यात जुना तुकडा शोधून तिनं जखमेवर अलगद ठेवला. "हात वर करा." "पाणी घ्या." "कुशीवर वळा." इतकंच बोलायची. मावशी हा शब्द तिनं त्या नळापाशीच सोडला होता. दगडाबाईनंही मागितला नाही. कोणत्या तोंडानं मागणार?

जूनमध्ये दोघी जिंतूरला परतल्या. शाळा उघडली. वस्तीतल्या बायका येऊन बसायच्या, कुणी भाकरी आणायचं, कुणी झाडून जायचं. उजवा हात सुजला होता, खांद्याच्या वर जात नव्हता. दगडाबाईकडं आता बाळंतपणाचं बोलावणं यायचं बंद झालं होतं, आणि आलं असतं तरी ती गेली नसती.

डॉक्टरांनी आंघोळीला सांगितलेली मुदत सरली तो रविवार होता. केशरनं सकाळी चुलीवर हंडा चढवला. घंगाळ भरलं. दगडाबाईला हाताला धरून न्हाणीत आणलं आणि दगडावर बसवलं. तिनं कुणाला कधी न्हाऊ घातलं नव्हतं, पहिला तांब्या एकदम डोक्यावर ओतायला गेली.

"पायावर," दगडाबाई म्हणाली. "आदी पायावर. अंगाला कळू दे, पानी यायलंय."

केशरनं पायावर ओतलं. मग गुडघ्यांवर, मग खांद्यावर. उजवी बाजू आली तसा तिचा हात अडखळला. तिथं आता जांभळं काही नव्हतं. काळपट, ताणलेली कातडी आणि काखेपर्यंत गेलेला व्रण होता. तिनं ओंजळीनं तिथं पाणी सोडलं, जपून. दगडाबाईनं डोळे मिटून घेतले. न्हाणीत वाफ दाटली.

"मायीला असंच घालायच्या?"

"असंच. तिला कढत लागायचं. पाठीवर डाव्या अंगाला मोठा तीळ व्हता तिच्या. पानी पडलं की खांदे उचलायची, तू उचलतीस तसे."

केशरनं तांब्या खाली ठेवला, न्हाणीच्या दाराला कडी घातली, आणि दगडाबाईसमोर गुडघ्यांवर बसून स्वतःच्या पोलक्याची बटणं काढली.

"माय गेली तवा तेवीस वर्षांची व्हती. मला बाविसावं लागलंय," ती म्हणाली. "बघा."

दगडाबाईनं हात मागं घेतले. "ह्या हातानं?"

"रोज आंघोळीला मी सोताच बघते. मला काय कळत न्हाई. कधी वाटतं हाय, कधी वाटतं न्हाई. भ्या वाटायलंय मला." एवढं बोलताना तिचा आवाज फुटला. "बघा तुमी."

दगडाबाईनं हात पुसले. उजवा हात डाव्यानं उचलून धरावा लागला. काखेपासून सुरू केलं, गोल फिरवत आत आली, पुन्हा काखेपर्यंत गेली. चोळलं नाही, दाबलं नाही. नुसती बोटं टेकवत गेली. मग दुसरी बाजू. वाफेत, घंगाळाच्या पलीकडं, कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं, केस मोकळे सोडून. दगडाबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. पुन्हा पहिल्या बाजूला आली आणि पुन्हा सगळं बघितलं.

हाताला काही लागलं नाही. काहीच नव्हतं. "काय न्हाई गं, खुशाल ऱ्हा," असं तिच्या ओठावर आलं होतं. एकवीस वर्षांपूर्वीही ती असंच छातीठोक बोलली होती. तिनं ते गिळलं.

"माझ्या हाताला काय लागत न्हाई," ती म्हणाली. "पर माझ्या हातावर जाऊ नगं. परभणीच्या डागदरीणबाईला दाखवू."

"कवा?"

"उद्याच. सकाळच्या यस्टीनं."

"उद्या शाळा हाय."

"शाळा काय पळून जायलीय? मी तुला इचारलं न्हाई, सांगितलंय."

केशरनं तिच्याकडं बघितलं. मग मान खाली घालून बटणं लावली आणि डोळे पुसले. घंगाळात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. तिनं ते तांब्यात घेतलं. दगडाबाईच्या मागं जाऊन उभी राहिली आणि मानेपासून पाठीच्या कण्यावरून सावकाश सोडत गेली, थेंब न् थेंब.

"झालं," ती म्हणाली.

तांब्या रिकामा झाला तरी दगडाबाई हलली नाही. केशर समोर आली.

"उठा," ती म्हणाली.

मावशी म्हणाली नाही. पण हात पुढं केला. दगडाबाईनं तो धरला, दुसरा हात भिंतीला लावला, आणि ती उठली. आपल्यामागं आणखी कुणी उठलं का, ते बघायला तिनं मान वळवली नाही.